गरजू मुलाच्या शिक्षणाचा खर्च उचलताना

इंदूरमध्ये एखाद्या गरजू मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी घ्यायची असेल, तर पैसा नेमका कुठे अडतो हे आधी समजून घ्यावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंतचे सरकारी शिक्षण मोफत असून, बहुतेक खासगी शाळांनाही प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी ठेवाव्या लागतात. म्हणून लहान मुलासाठी आधी तिथे अर्ज करावा.

खरी ओढाताण नववीत सुरू होते. फी, पुस्तके, ट्यूशन आणि जाण्यायेण्याचे भाडे एकदम अंगावर येते आणि धुणीभांडी करणारी आई मुलीची शाळा सोडवण्याचा विचार करू लागते. माझ्या मते मदत इथेच करावी, आणि बारावीपर्यंत चारही वर्षे निभेल एवढीच रक्कम कबूल करावी, कारण मध्येच हात आखडता घेतला तर मुलीचे शिक्षण अर्धवट राहते.

फी थेट शाळेत भरावी. पावतीवर मुलीचे नाव, इयत्ता, सत्र आणि शाळेचा शिक्का पाहून घ्यावा. पुस्तके तिला सोबत नेऊन खजुरी बाजारातून घ्यावीत. संस्थेमार्फत देत असाल तर बँकेतूनच द्यावे, कारण २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर आयकरात वजावट मिळत नाही.

तिचा फोटो कुठेही टाकू नये, चारचौघांत आभार मानायला लावू नयेत. गुण घसरले म्हणून मदत थांबवू नये. आधी वर्गशिक्षिकेशी बोलावे आणि घरी अभ्यासाला जागा व उजेड आहे का, हे आईला विचारावे.