जलवाहिनीवर सेन्सर बसवताय? या चुका टाळा

पहाटे रस्त्यात कारंजं उडतं, दोन वॉर्डांचं पाणी जातं आणि पुढच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, "सेन्सर बसवूया, आधीच कळेल." दाब मोजणारे सेन्सर बसवावेतच. पण सेन्सर पाइप सांभाळत नाही, तो फक्त ऐकतो. पाइपला रोज कुठे आणि कशामुळे धक्का बसतो, हे त्याच्याकडून समजून घेतलं आणि ते धक्के कमी केले, तरच फुटणं कमी होतं. हे डोक्यात नसलं की पैसा खर्च होतो आणि पाइप फुटायचे ते फुटतातच.

दर १५ मिनिटांनी एक नोंद

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लॉगरची, म्हणजे सेन्सरचे आकडे नोंदवणाऱ्या यंत्राची, बॅटरी टिकावी म्हणून १५ मिनिटांचं सेटिंग ठेवलं जातं. रोजचा दाब पाहायला ते पुरतं. पण पाइपला थकवणारा वॉटर हॅमर, म्हणजे दाबाचा अचानक बसणारा धक्का, काही सेकंदांत येऊन जातो. वाहतं पाणी एकदम अडलं की दाबाची लाट उलटी धावत सुटते, लोखंडी वाहिनीत सेकंदाला साधारण १ किलोमीटर वेगानं. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९८ साली मांडलेलं गणित आजही तेच आहे: सेकंदाला १ मीटर वेगाचं पाणी झटक्यात थांबवलं, तर दाब सुमारे १० बारनं चढतो, म्हणजे १०० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. एरवी २ बारवर चालणाऱ्या वाहिनीला हा मार बसतो आणि १५ मिनिटांच्या आलेखात रेघ सरळच दिसते. मग अहवालात लिहिलं जातं, "दाब सामान्य होता."

निदान पंपगृहाबाहेर आणि मोठ्या व्हॉल्व्हजवळ सेकंदाला १०० वेळा दाब मोजणारा सेन्सर हवा. सगळी माहिती सतत पाठवायची गरज नाही. धक्का आला की त्याच्या आगेमागचा तेवढाच तुकडा पाठवला तरी चालतं. सिंगापूरच्या जलसंस्थेनं अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर उभारलेल्या 'वॉटरवाइज' या सेन्सर-जाळ्यामध्ये अशा वेगवान नोंदींवरच भर होता. लाट दोन सेन्सरांपर्यंत किती अंतरानं पोचली यावरून फुटीची जागा काढतात, म्हणून त्यांची घड्याळंही जीपीएसवरून जुळवून घ्या. घड्याळांत १ सेकंदाचा फरक असेल, तर फुटीची जागा अर्धा किलोमीटर चुकते आणि खड्डा भलतीकडेच खणला जातो.

चोवीस तास पाण्याची सेटिंग्ज आपल्याकडे

बहुतेक तयार सॉफ्टवेअर असं धरून चालतं की पाइप कायम भरलेला असतो. रात्री २ ते ४ या वेळात वापर नगण्य असतो, त्यामुळे तेव्हाचा प्रवाह म्हणजे गळती, हे त्याचं गृहीतक. आपल्या बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळी सुटतं. रात्री पाइप रिकामा असतो, किंवा त्याच वेळी सोसायट्यांच्या टाक्या भरत असतात. दोन्हीकडे हिशेब फसतो. पाणी बंद झालं की दाब शून्यावर येतो आणि सेन्सर रोज "फुटला, फुटला" म्हणून ओरडतो. आठवड्याभरात ऑपरेटर अलार्म बंद करून टाकतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

यासाठी प्रत्येक झोनचं वेळापत्रक सिस्टीममध्ये भरा. आजच्या सहाच्या दाबाची तुलना कालच्या, परवाच्या सहाच्या दाबाशी व्हायला हवी. आणि पाणी सुटल्यानंतरची पहिली काही मिनिटं नीट पाहा. रिकाम्या पाइपातली हवा ढकलत पाणी येतं. हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह अडकलेला असेल तर हवा कोंडते, हवा झपाट्यानं निघून गेली तर पाणी येऊन आदळतं. आपल्याकडच्या पाइपांचं बरंच दुखणं याच मिनिटांत आहे.

चावीवाल्याला न विचारणं

कोणता व्हॉल्व्ह फिरवला की जमीन थरथरते, हे त्याला सेन्सरच्या आधीपासून माहीत असतं. त्याच्यासमोर आलेख ठेवा, पण दरडावण्यासाठी नको. स्लुइस व्हॉल्व्ह (आटे फिरवून खाली-वर होणाऱ्या पडद्याचा) बंद करताना प्रवाह खरा तुटतो तो शेवटच्या काही आट्यांत. ते आटे सावकाश फिरवले तर धक्का किती उतरतो, हे त्याला स्वतःला पडद्यावर दिसू द्या. ५ किलोमीटर वाहिनीत लाट जाऊन परत यायला १० सेकंद लागतात. त्याहून लवकर व्हॉल्व्ह मिटला तर पूर्ण मार बसतो, म्हणून बंद करायला त्याच्या कितीतरी पट वेळ द्यायला हवा.

पंपाच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे: "व्हीएफडी आहे, आता हॅमर नाही." व्हीएफडी म्हणजे मोटरचा वेग हळूहळू कमी-जास्त करणारं यंत्र. पंप सुरू-बंद करताना ते मदत करतं, पण वीज गेली की तेही गेलंच. तिथे विजेशिवाय धक्का झेलणारं काहीतरी, म्हणजे एअर व्हेसल, सर्ज टँक किंवा झीरो व्हेलॉसिटी व्हॉल्व्हच लागतो.

आकडा विचित्र येतोय?

रेघ अगदी सपाट असेल, तर आधी टॅपिंगचा, म्हणजे पाइपमधून सेन्सरकडे काढलेल्या बारीक जोडणीचा, कॉक उघडा आहे का बघा. उघडा असेल तर बारीक नळी गाळानं तुंबलेली असू शकते. टॅपिंग पाइपच्या माथ्यावर घेतलं की हवा साचते, तळाशी घेतलं की गाळ, त्यामुळे ते बाजूनं घ्यावं. हवेत उघडा ठेवल्यावरही सेन्सर शून्य दाखवत नसेल, तर तो कॅलिब्रेशनला पाठवा. शेजारच्या दोन सेन्सरांत १ बारचा फरक दिसला, तर दोघांच्या जागेत १० मीटर चढ आहे का ते पाहा. उंची नोंदवलेली नसते म्हणून कितीतरी खोट्या गळत्या शोधल्या जातात. पावसाळ्यात सिग्नल गेला तर चेंबरमध्ये पाणी भरलं असणार. अँटेना बिडाच्या झाकणाखाली असेल, तर सिग्नल एरवीही अडतो.

आवाज टिपणारे सेन्सर धातूच्या पाइपवर उत्तम चालतात. पीव्हीसी आणि एचडीपीई या प्लॅस्टिकच्या पाइपांत आवाज लवकर विरतो, तिथे ते जवळजवळ बसवावे लागतात किंवा पाण्यात उतरवायचा हायड्रोफोन घ्यावा लागतो.

आणि पाइप फुटलाच, तर तो तुकडा भंगारात जाऊ देऊ नका. बिडाच्या पाइपला गोल चीर गेली असेल, तर बहुधा खालची जमीन खचली आहे किंवा वरून भार आला आहे. लांबीनं फाटला असेल, तर दाब किंवा गंज यांचा संशय घ्या. फोटो, व्यास, पाइपचं वय आणि फुटल्याची वेळ वहीत लिहा, आणि त्याच दिवशी त्या वेळेच्या आधीच्या चोवीस तासांचा आलेख काढून त्याला जोडा.