महागडी सीडी खरंच सरस वाजते का? घरच्या घरी असं तपासा

एसएचएम-सीडी, ब्लू-स्पेक, एचडीसीडी, एसएसीडी: साध्या सीडीपेक्षा सरस म्हणून विकल्या जाणाऱ्या या गाण्यांच्या चकत्या. वेष्टनावरची अक्षरं वाढली की किंमतही वाढते. लातूरच्या घरी या चकत्या ताडून बघायचा माझा उद्योग बरीच वर्षं चालू आहे, आणि "डोळे मिटून ऐका, फरक आपोआप कळेल" हा सल्ला आता सहन होत नाही. डोळे मिटले तरी मोजलेले पैसे विसरत नाहीत.

आधी गट पाडा. एसएचएम-सीडीत चकतीचं प्लॅस्टिक वेगळं, ब्लू-स्पेकमध्ये मूळ साचा कोरायची पद्धत वेगळी. आतला डेटा मात्र साध्या सीडीचाच, 16 बिट आणि सेकंदाला 44,100 नमुने, म्हणजे आवाजाची मोजमापं. एचडीसीडी त्याच 16 बिटांतल्या शेवटच्या बिटात जादा खुणा लपवते. एसएसीडीचं कूळच निराळं: 1 बिट, सेकंदाला 28,22,400 नमुने. तिचा तो थर कॉम्प्युटरचा ड्राइव्ह वाचत नाही.

त्याच अल्बमची साधी सीडी मिळवा. दोन्ही एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरने कॉम्प्युटरवर वेव्ह फाइलमध्ये उतरवा.

आता खरी मेख. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच गाणं दोन्ही चकत्यांवरून एकाखाली एक घ्या, एकाला 'इन्व्हर्ट' करा, म्हणजे त्याची लाट उलटी करा, आणि दोन्ही एकत्र वाजवा. डेटा एकच असेल तर पूर्ण शांतता. हे ऐकायला सोपं आहे, पण दोन छपायांत गाणं एकाच नमुन्यापासून सुरू होत नाही, शेकडो नमुने मागेपुढे असतं. मी पहिल्यांदा अंदाजाने सरकवलं. तानपुरा गायब झाला, मागे बारीक 'सस्स' उरलं. भाच्याला बोलावून सांगितलं, "हे बघ, महागड्या सीडीतला जादाचा बारकावा!" त्याने झूम करत करत लाट ठिपक्यांपर्यंत नेली, एक ठिपका म्हणजे एक नमुना, आणि म्हणाला, "मामा, एक ठिपका सरकलाय की." सरकवला, आणि बारकावा गेला. उरली सपाट रेघ आणि माझं बिल. एका नमुन्याची चूक वरच्या पट्टीचा आवाज मागे ठेवते. तेव्हा तबल्याचा एखादा टोकदार ठोका धरा, ठिपके दिसेपर्यंत मोठा करा आणि ठिपक्याला ठिपका जुळवा. कानावर सोडू नका.

सपाट रेघ आली तर काम संपलं, ऐकत बसू नका. गाणंच पुसट ऐकू आलं तर आवाजाची पातळी किंवा मास्टर, म्हणजे छपाईसाठी तयार केलेली अंतिम ध्वनिप्रत, वेगळं आहे. बहुतेक वेळा लोक ज्याला फॉरमॅटची करामत म्हणतात, ती नव्याने केलेल्या मास्टरची असते.

मग आवाज जुळवा, 0.1 डेसिबलच्या आत. एका डेसिबलने मोठा आवाज सहसा "मोठा" वाटत नाही, "मोकळा" वाटतो. सगळी फसगत तिथेच. फूबार या कॉम्प्युटरवरच्या प्लेअरमधलं रिप्लेगेन, म्हणजे गाण्यांची पातळी सारखी करणारी सोय, हे काम करतं. दोन प्लेअरची तुलना असेल तर टेस्ट टोन लावून स्पीकरच्या टोकांना मल्टिमीटर लावा: एकीकडे 2.00 व्होल्ट, तर दुसरीकडे 2.02 च्या वर नको. एसएसीडीला हाच मार्ग, पण तिच्यावरच्या सीडी थराचं मास्टरही वेगळं असू शकतं. 2007 साली मेयर आणि मोरान या दोन अभ्यासकांनी असल्या चकत्यांचा आवाज 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झच्या, म्हणजे साध्या सीडीच्या, साखळीतून फिरवून मूळ आवाजाशेजारी ऐकवला. 554 पैकी 276 उत्तरं बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती.

शेवटी फूबारमधली एबीएक्स चाचणी, 16 फेऱ्या: दर फेरीत नाव झाकलेला आवाज दोघांपैकी कुठला ते ओळखायचं. 12 बरोबर आल्या तरच मी फरक मान्य करतो. नुसत्या अंदाजाने तेवढ्या यायची शक्यता 4 टक्क्यांच्याही खाली असते. फेऱ्या किती ते आधी ठरवा, निकाल बघत वाढवू नका. मधेच लाइट गेली तर तो सगळा डाव सोडून द्या. आणि कूलर बंद हवा. म्हणून मे महिन्यात आमच्याकडे ही चाचणी होत नाही. मी ती दिवाळीनंतरच काढतो, रात्री अकरानंतर.