गॅस लाइनच्या व्हॉल्व्हला ग्रीस मारताय? निदान या चुका तरी टाळा

सिटी गॅसच्या मेंटेनन्समध्ये नवीन पोरगं आलं की सगळ्यात आधी त्याच्या हातात ग्रीस गन दिली जाते. का, तर म्हणे सोपं काम आहे. निपल, म्हणजे ग्रीस आत जायचं तोंड, शोधायचं, गन लावायची, दांडा हाणायचा, रजिस्टरवर सही ठोकायची आणि पुढच्या चेंबरला (व्हॉल्व्ह असतो त्या रस्त्यातल्या खड्ड्याला) पळायचं. हे काम सोपं आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यामुळेच बाकीच्यांचे सणवार आणि रविवार रस्त्यावर जातात. त्याच त्याच चुका बघून आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. बोलतोय ते मुख्यतः स्टीलच्या लाइनबद्दल, म्हणजे ७ ते ४९ बार प्रेशरची जी लाइन शहराभोवती फिरते आणि डीआरएसला, म्हणजे वस्तीसाठी प्रेशर कमी करणाऱ्या स्टेशनला, येऊन मिळते तिच्यावरच्या व्हॉल्व्हबद्दल. पीईचं, म्हणजे प्लास्टिकच्या लाइनचं, शेवटी थोडं सांगतो.

समोर कुठला व्हॉल्व्ह आहे हेच न बघणं

बॉल व्हॉल्व्ह (यात आरपार भोक असलेला गोळा फिरतो) आणि लुब्रिकेटेड प्लग व्हॉल्व्ह, दोन्ही पाव फेऱ्यात बंद होतात, दोन्हीला निपल असतं, म्हणून दोघांना एकच माप लावायचं हा पहिला घोळ. प्लग व्हॉल्व्हमध्ये सीलंट हा सीलचाच भाग असतो. निमुळता प्लग आणि बॉडी यांच्यामधल्या खाचांत सीलंट भरलेला असतो तोवरच तो व्हॉल्व्ह गॅस अडवतो, त्यामुळे त्याला ठरल्या वेळी सीलंट द्यावाच लागतो. बॉल व्हॉल्व्हचं तसं नाही. त्याची सीट, म्हणजे बॉल जिच्यावर टेकतो ती कडी, मऊ असते, स्प्रिंगने बॉलला दाबून धरलेली असते, आणि तो कोरडाच सील करायला बनवलेला असतो. त्याला हलकं लुब्रिकंट ठीक आहे, पण जाड सीलंट ही अडचणीच्या वेळची वस्तू आहे. ‘वार्षिक ग्रीसिंग’ नावाखाली दरवर्षी जाड सीलंट ठासला की तो सीटमागे वाळत जातो, सीटची हालचाल बंद होते, आणि मग चांगला चालणारा व्हॉल्व्ह तुमच्याच कृपेने पास व्हायला, म्हणजे बंद असूनही गॅस सोडायला लागतो.

माझी सवय अशी, चेंबरपाशी गेलो की आधी नेमप्लेट पुसायची आणि वाचायची. नेमप्लेटवर पेंट मारलेला असेल तर पेंट खरवडायचा. याला वेळ लागतो, हेल्पर जांभया देतो, देऊ दे.

‘ग्रीस म्हणजे ग्रीस’

गॅरेजमधलं लिथियम ग्रीस आणून मारणारे महाभाग अजून आहेत आणि ते वाद पण घालतात, की गाडीच्या बेअरिंगला चालतं तर याला का नाही. लाइनमध्ये गॅससोबत थोडंफार कंडेन्सेट, कॉम्प्रेसरचं तेल येतं, त्यात साधं ग्रीस विरघळून वाहून जातं नाहीतर त्यातलं तेल निघून मागे ग्रीसला घट्टपणा देणारा नुसता साबण घट्ट बसतो, आणि तो साबण जिथे बसतो ती इंजेक्शनची बारीक वाट असते. एकदा ती चोंदली की पुढच्या माणसाने कितीही भारी सीलंट आणला तरी आत जाणार कुठून? व्हॉल्व्हसाठीचा क्लीनर, लुब्रिकंट आणि सीलंट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तीन डबे वेगळे ठेवा, आणि शक्य असेल तर गन पण वेगळ्या.

बॉल अर्धा फिरवून ग्रीस मारणं

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण यात माझी अख्खी गौरी-गणपतीची सुट्टी गेलीय.

एका कंत्राटदाराची नवी टीम आली होती. त्यांच्यातल्या कुणीतरी शोध लावला की बॉल अर्धवट उघडा ठेवून ग्रीस मारलं की ‘सगळीकडे नीट पसरतं’. ऐकायला पटतं सुद्धा. पण सीटमधली ग्रीसची खाच बॉलला पूर्ण टेकलेली असते ती फक्त पूर्ण उघड्या किंवा पूर्ण बंद स्थितीत. मध्येच थांबवलात तर सीटचा काही भाग बॉलच्या भोकावर येतो, खाच तिथे उघडी पडते आणि तुम्ही मारलेलं सगळं सरळ लाइनमध्ये जातं. गनला काही विरोधच लागत नाही, दांडा अगदी मऊ चालतो, आणि पोरं खूश, की वा काय मस्त घेतोय व्हॉल्व्ह. अशी एका मागोमाग एक व्हॉल्व्हना डबेच्या डबे खाऊ घातले.

ते ग्रीस जाणार कुठे? गॅससोबत सरकत सरकत डीआरएसच्या फिल्टरवर. फिल्टरच्या डिफरन्शियल गेजचा (फिल्टर किती तुंबलाय ते दाखवणारा) काटा रोज थोडा थोडा वर चढत होता, रीडिंग घेणारा रोज तो आकडा इमानदारीने लिहीत होता आणि वाचत कुणीच नव्हतं. डीआरएसमध्ये फिल्टर-रेग्युलेटरच्या दोन वाटा म्हणजे स्ट्रीम असतात, चालू स्ट्रीम भरली तशी स्टँडबायवर टाकली, ती पण त्याच लाइनचा गॅस घेणार ना, ती पण भरली. आणि नेमकं गौरी जेवणाच्या दिवशी सकाळी, घरोघरी पुरणाची डाळ शिजत असताना, डिमांड वाढली, फिल्टरमधून तेवढा गॅस जाईना, पुढचं प्रेशर पडलं आणि कमी प्रेशरला आपोआप गॅस बंद करणारी स्लॅमशट उडाली. सोसायट्याच्या सोसायट्या बंद.

ज्यांना वाटतं की स्लॅमशट रीसेट केली की झालं, त्यांच्यासाठी सांगतो. गॅस गेला तेव्हा कुणाचा तरी बर्नर चालू होता, ज्योत विझली, नॉब तसाच उघडा, बाई कंटाळून शेजारी गेल्या. आता तुम्ही गॅस सोडला तर तो त्या बंद घरात भरणार. म्हणून आधी प्रत्येक घराचा मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद आहे याची खात्री करायची, मग डीआरएस सुरू, मग पुन्हा एकेका घरात जाऊन, हवा काढून, शेगडी पेटवून दाखवायची. कुलूपबंद घरांचा राऊंड वेगळा. आम्ही जिने चढत होतो आणि प्रत्येक दारात लोक विचारत होते, अहो दादा, नैवेद्याचं काय? काय उत्तर देणार, की कुणीतरी व्हॉल्व्ह अर्धा फिरवला होता?

फिल्टर उघडला तेव्हा कार्ट्रिजवर ग्रीसचा थर नुसता बोटाने निघत होता. प्रेशर सांभाळणारे पायलट रेग्युलेटर खोलून साफ करायचं काम तर पुढे कितीतरी दिवस चाललं.

तेव्हा बॉल पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद, मधलं काही नाही. प्लगला पण तेच. आणि गनवर प्रेशर गेज नसेल तर ती गन साइटवर नेऊच नका. तो काटा सगळं सांगतो. लाइनमध्ये १९ बार म्हणजे साधारण २७५ पीएसआय असतील आणि तुमचा काटा जेमतेम तेवढाच दाखवत असेल, तर माल सीटमध्ये थांबत नाहीये, लाइनमध्ये चाललाय. प्रत्येक स्ट्रोकला काटा चढतो आणि मग सावकाश उतरतो, तर बरोबर चाललंय. काटा सुसाट वर गेला आणि तिथेच बसला तर वाट चोंदलीय, थांबा. तिथे जोर लावायचा नाही, क्लीनर जेवढा जाईल तेवढा द्यायचा, मुरू द्यायचा, दुसऱ्या दिवशी परत यायचं. गन १०,००० पीएसआयपर्यंत जाते म्हणून न्यायलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही.

किती मारायचं? कंपनीच्या चार्टमध्ये साइजप्रमाणे माप दिलेलं असतं. मी प्रत्येक नवीन गनचे काही स्ट्रोक डिजिटल काट्यावर मोजून एका स्ट्रोकला किती ग्रॅम पडतं ते गनवरच मार्करने लिहून ठेवतो. पोरं हसतात.

‘पास होतोय, सीलंट मारा’

दुसरी माझी लाडकी चूक. व्हॉल्व्ह बंद केला, पुढचं प्रेशर उतरत नाही, की लगेच गन. अरे, तो पूर्ण बंद तरी झालाय का? गिअरबॉक्सवरचा काटा ‘बंद’ दाखवतो म्हणजे बॉल बंद असतोच असं नाही. बॉल कुठे थांबायचा ते ठरवणारा स्टॉप बोल्ट कुणीतरी छेडलेला असतो, गिअर झिजलेला असतो, बॉल दोन-चार अंश आधीच थांबतो आणि तेवढ्या फटीतून गॅस मजेत जातो. अशा व्हॉल्व्हला तुम्ही पिंपभर सीलंट पाजलात तरी काही फरक पडणार नाही.

माझा क्रम ठरलेला आहे. व्हॉल्व्ह बंद करायचा, परमिट, फायर एक्स्टिंग्विशर वगैरे सगळं हातात असताना बॉडी ब्लीड, म्हणजे व्हॉल्व्हच्या पोटातला गॅस बाहेर सोडणारा छोटा कॉक, हळूच उघडायचा, आणि पोकळीतला गॅस निघून जाऊ द्यायचा. आवाज थांबला तर सीट ठीक आहेत, गळती दुसरीकडे शोधा. आवाज थांबत नसेल तर हँडव्हील अगदी थोडं थोडं मागेपुढे करत ऐकायचं. कुठेतरी एका जागी आवाज पडतो. तीच बॉलची खरी बंद जागा. मग स्टॉप बोल्ट त्या जागेला सेट करायचा, अर्थात ज्याला तो अधिकार आहे त्याने. कितीतरी ‘खराब’ व्हॉल्व्ह एवढ्यावरच सुधारतात, आणि बदलायला निघालेला व्हॉल्व्ह वाचला की सुपरवायझरचं तोंड बघण्यासारखं होतं.

एवढं करूनही पास होत असेल तर क्लीनर द्यायचा आणि रात्रभर तरी ठेवायचा. नवीन लाइन असेल तर वेल्डिंगचा कचरा, हायड्रोटेस्टचं (पाण्याच्या दाबाने केलेल्या चाचणीचं) राहिलेलं पाणी, वाळू, हे सगळं सीटवर बसलेलं असतं, पिगिंग, म्हणजे आतून लाइन साफ करायचं काम, घाईत उरकल्याची शिक्षा व्हॉल्व्ह भोगतो. दुसऱ्या दिवशी परवानगी असेल तर व्हॉल्व्ह फिरवायचा, मग लुब्रिकंट, पुन्हा ब्लीडवर तपासणी. आणि तरीही नाहीच, आणि पुढे काम अडलंय, तर मग सीलंट. काम झालं की तो सीलंट क्लीनरने काढायला परत यायचं, हे मात्र कुणी येत नाही. घाईवाल्यांना हा सगळा क्रम म्हणजे वेळकाढूपणा वाटतो. ज्यांना दोन दिवस थांबवत नाही त्यांनी खरं तर गॅसच्या धंद्यात येऊच नये.

जाम झाला की पाइप

पान्याला लांब पाइप अडकवून दोघा-तिघांनी लटकायचं. व्हॉल्व्ह फिरतो नाहीतर स्टेम (व्हॉल्व्ह फिरवणारा दांडा) तुटतो, आणि बऱ्याचदा दुसरंच होतं. जाम झालेल्या प्लग व्हॉल्व्हला ताकद नको, सीलंट हवा, कारण दाबाने आत गेलेला सीलंट प्लगला त्याच्या निमुळत्या बैठकीतून किंचित उचलतो आणि मग तो हाताने सुटतो. थोडं मारा, थांबा, थोडं हलवा, परत मारा. आणि जाम होतो का, तर वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नसतो म्हणून. एएसएमई बी ३१.८ या गॅस लाइनच्या नियमावलीत ट्रान्समिशन लाइनवर अडचणीच्या वेळी लागणारे व्हॉल्व्ह वर्षातून एकदा तरी थोडे फिरवून बघायला सांगितलेत. फिरवून बघायला, नुसती सही करायला नाही.

आता फुटकळ पण तितक्याच डोकं फिरवणाऱ्या गोष्टी.

निपल न पुसता गन लावणं. वरची माती आतल्या चेकच्या (गॅस उलटा बाहेर येऊ न देणाऱ्या) गोळीखाली जाते आणि ती मग बसत नाही.

निपलची टोपी एका झटक्यात काढणं. आतला चेक गळत असेल तर टोपीमागे लाइनचं प्रेशर बसलेलं असतं. एखादा आटा सैल करा, तोंड बाजूला ठेवा, ऐका, मगच पुढे. आणि लाइन चालू असताना अख्खं निपलच खोलणाऱ्याला तर साइटवरून घरी पाठवा.

गनच्या होजची गळती बोटाने चाचपणं. इतक्या प्रेशरचं ग्रीस कातडीतून आत घुसतं, वरून सुईएवढं भोक दिसतं, दुखत पण नाही फारसं. तसंच हॉस्पिटलमध्ये जा, लगेच, त्याला बऱ्याचदा ऑपरेशन लागतं. हळद लावून घरी बसलेल्यांची बोटं गेलीत.

झाकण उघडलं की सरळ चेंबरमध्ये उडी. मिथेन हलका आहे, उडून जातो, हे उघड्यावर खरं, झाकणाखाली तो साचतो, आणि ५ टक्क्यांपासून पुढे पेटतो. शेजारून गटार जात असेल तर विषारी हायड्रोजन सल्फाइड, आणि ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली असेल तर आत उतरायचंच नाही, फारच कमी झाला तर कुठलाही वास न येता माणूस आडवा. गॅस मोजायचा मीटर वर, मध्ये, तळाला, तिन्हीकडे सोडून बघायचा.

पावसाळ्यानंतर गिअरबॉक्स न उघडणं. चेंबर चार महिने पाण्यात असतो, आतलं ग्रीस ताकासारखं पांढरं झालेलं असतं. गिअरबॉक्सचं ग्रीस वेगळं, व्हॉल्व्हचं वेगळं, हे परत सांगायला लावू नका.

ग्लँडमधून, म्हणजे स्टेमभोवतीच्या सीलमधून, बुडबुडे आले की नट आवळत सुटणं. थोडा आवळा, समान आवळा, साबणाच्या पाण्याने बघा. स्टेमला वेगळं इंजेक्शन पॉइंट असेल तर तिथून पॅकिंग द्या.

आणि डांबर! पावसाळ्याआधी रस्त्यावर नवीन थर पडतो आणि चेंबरचं झाकण गायब. मग आणीबाणीच्या वेळी ब्रेकर घेऊन अंदाजाने रस्ता फोडा. मी प्रत्येक चेंबरचं अंतर जवळच्या दोन पक्क्या खुणांपासून टेपने मोजून ठेवतो, विजेचा खांब, पुलाचा कठडा, देऊळ. जीपीएस आहे हो, पण चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवलं की पहाटे कुठे खणणार?

पीई व्हॉल्व्हला ग्रीस लागत नाही. तरी विचारतात. तो जमिनीत गाडलेला असतो, वरून टी-कीने फिरवायचा, पाव फेऱ्यात थांबला की थांबायचं. लांब कीने स्टॉपच्या पुढे जोर लावला की वरचा दांडा फिरतो आणि खाली व्हॉल्व्ह तसाच.

शेवटचं घरच्या मंडळींसाठी, कारण नातेवाईक हमखास विचारतात. स्वयंपाकघरातला पीएनजीचा कॉक घट्ट झाला म्हणून त्यात खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल सोडू नका. तिथे प्रेशर फक्त २१ मिलिबार असतं म्हणून ते धोक्याचं नाही असं समजू नका. कॉक घट्ट झाला तर कंपनीचा माणूस बदलून देतो. वास येत असेल तर मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, आणि बिलावर छापलेला इमर्जन्सी नंबर लावा, पण फोन घराबाहेर जाऊन करा.