गाय गाभण आहे का? पॅग तपासणीत या चुका टाळा

गर्भाच्या वारेतल्या दोन केंद्रकांच्या पेशी पॅग नावाची प्रथिनं बनवतात आणि ती आईच्या रक्तात उतरतात. रेतनानंतर २८ दिवसांनी एलायझा किट, म्हणजे रक्तातली ठरावीक प्रथिनं ओळखणारा तपासणी संच, ती भरवशाने पकडतं. गोंधळ होतो तो बहुधा तारखांचा.

सर्वांत महाग चूक म्हणजे पहिल्या रेतनापासून दिवस मोजणं. गाय १ तारखेला भरवली, २२ ला उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, पुन्हा भरवली. वहीत मात्र पहिलीच तारीख. तिसाव्या दिवशी रक्त गेलं, तेव्हा खऱ्या रेतनाला जेमतेम आठ-नऊ दिवस झालेले. अहवाल येतो 'रिकामी', आणि घाईचा मालक लगेच प्रोस्टाग्लँडिन हे माजावर आणणारं इंजेक्शन टोचून घेतो. खऱ्या रेतनानंतर बाराव्या दिवशी पीतपिंड (बीजकोशावरची गर्भ टिकवणारी गाठ) त्या इंजेक्शनला विरघळतो, रुजू पाहणारा गर्भ जातो. तीन दिवसांत गाय माजावर येते आणि मालक म्हणतो, "बघा, रिपोर्ट बरोबर होता!" हे पुन्हा पुन्हा घडतं. म्हणून रक्ताच्या नळीवर कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि शेवटच्या रेतनाची तारीख लिहायचीच. 'रिकामी' आली तरी हात घालून किंवा सोनोग्राफीने खात्री केल्याशिवाय ते इंजेक्शन नको.

उलटी गफलतही होते. गर्भ आत मेला तरी पॅग रक्तातून लगेच जात नाहीत, काही दिवस रेंगाळतात. तिसाव्या दिवसाच्या आसपास 'गाभण' आलेली गाय पुढे रिकामी निघाली, तर लॅबला शिव्या देऊ नका. रेतनानंतर ६० ते ९० दिवसांत दुसरी तपासणी करा. 'गाभण' आलेली गाय माज दाखवू लागली तर लगेच रेतनाची नळी घालू नका. गाभण गायही कधी कधी माज दाखवते, आणि गर्भाशयाच्या तोंडाचा चिकट बूच फुटला की गाभ जाऊ शकतो.

व्याल्यानंतर जुन्या वारेचे पॅगही उरतात. बऱ्याच किटांसाठी व्याल्यापासून ६० दिवस थांबावं लागतं, काहींसाठी ७३, माहितीपत्रक वाचा. म्हशीसाठी किट चालतं का, तेही तिथंच बघा.

शेपटीखालच्या शिरेतून दोन-तीन मिली रक्त पुरतं. दर जनावराला नवी सुई. एकाच सुईने ॲनाप्लाझ्मा हा रक्तातला रोगजंतू गोठाभर फिरतो. रक्त फ्रीजमध्ये ठेवा, बर्फकप्प्यात नाही, पेशी फुटतात.

अहवालातल्या आकड्यावरून जुळं किंवा कालवड ओळखणाऱ्यांना पैसे देऊ नका. मेडिकलमधली बायकांची गरोदरपणाची पट्टी गोमूत्रात बुडवणं तर सोडाच; तिला लागणारं एचसीजी हे संप्रेरक गायीत तयारच होत नाही.