टोफू : आधी पाणी काढा, मग मसाल्याचं बोला

टोफूला चव नसते, तो पुळचट लागतो, घरात कोणी खात नाही. ही तक्रार करणाऱ्यांनी बहुतेक वेळा टोफू पाकिटातून काढून, चौकोनी तुकडे करून, थेट पनीरच्या ग्रेव्हीत सोडलेला असतो. व्हिडिओवालेही तेच सांगतात, 'पनीरऐवजी टोफू घाला, झालं!' नाही होत. पनीरमध्ये दुधाची स्निग्धता असते, ते तसंच खाल्लं तरी गोड लागतं. टोफू म्हणजे फाडून, घट्ट दाबलेलं सोयाबीनचं दूध. त्यात स्निग्धांश बेताचा आणि पाणी भरमसाट. घट्ट टोफूच्याही वजनात साधारण तीन चतुर्थांश पाणीच असतं. ते आत ठाण मांडून बसलेलं असताना मसाला शिरणार कुठे, आणि तव्यावर तुकडा खरपूस होणार कसा?

मंडईत हल्ली दिसणाऱ्या बॉकचॉय (ही चिनी पालेभाजी), झुकिनी वगैरे भाज्यांचंही दुखणं हेच आहे. म्हणून दोन्ही एकत्र सांगते.

खरेदी

पाकिटावर 'फर्म' किंवा 'एक्स्ट्रा फर्म' लिहिलेला घ्या. काही ठिकाणी 'सोया पनीर' लिहिलेलं असतं, तेही चालेल, फक्त दाबून घट्ट आहे ना ते बघा. 'सिल्कन' म्हणजे अगदी मऊ टोफू, तो सुपात नाहीतर गोडात छान, परतायला घेतलात तर त्याचा चोथा होईल. पाकीट फुगलेलं असेल किंवा उघडल्यावर आंबूस वास आला, तर धुऊन वापरायचा मोह टाळा, टाकून द्या. तीन-चार जणांना 200 ग्रॅम टोफू आणि बॉकचॉयच्या दोन-तीन लहान गड्ड्या पुरतात.

पाणी काढणं

सगळी मेख इथे आहे. मलाही हे जमायला वेळ लागला, कारण सगळे एकच सल्ला देतात : टोफू फडक्यात गुंडाळा, वर वजन ठेवा, अर्धा तास विसरून जा. सल्ला चूक नाही, अर्धवट आहे. हौसेनं वर खलबत्ता ठेवला की वडी कडेनं फुगते, मधोमध चिरते आणि कापताना भुगा होतो. वजन हलकं ठेवलं तर अर्ध्या तासानंतरही आत ओल तशीच. दाबायचंच असेल तर वडीचे आडवे दोन काप करा, म्हणजे जाडी निम्मी होते. ते सुती पंच्यात गुंडाळून वर पोळपाट ठेवा आणि त्यावर पाण्यानं अर्धं भरलेलं पातेलं. वीस मिनिटं पुरे. त्यासाठी मिळणारं प्लॅस्टिकचं खास यंत्र घेऊ नका, ओट्यावर आधीच जागा नसते.

मी मात्र दाबत बसत नाही. मिठाच्या उकळत्या पाण्याचा उपाय दाबण्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. एक लिटर पाण्यात दीड मोठा चमचा मीठ घालून खळखळून उकळा. टोफूचे बोटाच्या पेरापेक्षा थोडे लहान तुकडे करून खोलगट भांड्यात ठेवा आणि ते पाणी वरून ओता. पंधरा मिनिटं झाकून ठेवा. पाणी काढायला पाण्यातच बुडवायचं, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण उष्णतेनं टोफूतली प्रथिनं आवळतात आणि तुकड्याच्या बाहेरच्या थरातलं पाणी बाहेर ढकललं जातं. शिवाय मीठ आत शिरतं, त्यामुळे तुकडा नुसता तोंडात टाकला तरी अळणी लागत नाही. मग तुकडे झाऱ्यानं उचलून कोरड्या पंच्यावर एकमेकांना न चिकटता पसरा. ते गरम असल्यामुळे वरची ओल वाफ होऊन आपसूक उडते. दहा मिनिटांनी वरून दुसऱ्या फडक्यानं टिपा. बोट लावून पाहा : बोट ओलं झालं, तर अजून थांबा. इथे घाई केलीत तर पुढचं काहीही वाचू नका, कारण उपयोग नाही.

तिसरी रीत रश्शासाठी. टोफू रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी तो पिवळट पडलेला दिसेल, घाबरू नका, वितळला की रंग परत येतो. बर्फाच्या कणांनी आत बारीक जाळी पडते. पूर्ण वितळल्यावर दोन्ही तळव्यांमध्ये धरून हलक्या हातानं पिळला की स्पंजासारखं पाणी सोडतो आणि नंतर रस्सा तितकाच पितो. जपानमध्ये कोया पर्वताच्या नावानं ओळखला जाणारा गोठवून वाळवलेला टोफू याच तत्त्वावर होतो. आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्शात हा टोफू घालून बघा. परतायला मात्र नको, चिवट होतो.

आणि दह्यात रात्रभर मुरवण्याचा सल्ला : इतक्या मेहनतीनं काढलेलं पाणी पुन्हा आत घालायचं असेल, तर जरूर मुरवा.

परतणं

कोरड्या तुकड्यांवर दोन चमचे तांदळाची पिठी भुरभुरा आणि हलकेच हलवा. कॉर्नफ्लोअरही चालतं, पण पिठीचा कुरकुरीतपणा जास्त टिकतो आणि ती घरात असतेच. तिखट, आलं-लसूण वाटण, सोया सॉस यातलं काहीही आत्ता लावायचं नाही. वाटण जळतं, सॉस करपतो, आणि आत कच्चा-बाहेर काळा टोफू ताटात येतो.

बिडाचा तवा किंवा लोखंडी कढई चांगली तापू द्या, मग दोन मोठे चमचे तेल. तुकडे एका थरात, मध्ये जागा सोडून मांडा. आणि हात मागे घ्या. उलथनं खाली ठेवा. पहिलं मिनिटभर जोरात चुरचुरेल, मग आवाज हळूहळू बारीक होईल. म्हणजे खालचं पाणी संपलं आणि आता पापुद्रा धरतोय. तीन-चार मिनिटांनी तुकड्याच्या तळाशी सोनेरी कड दिसेल. उलथन्याचं टोक लावताच तुकडा सुटला, तर उलटा. चिकटला असेल तर तो अजून तयार नाही, खरवडू नका, अर्धं मिनिट द्या. 'टोफू तव्याला चिकटतो' म्हणणारे लोक नेमके याच अर्ध्या मिनिटात हरतात. दोन बाजू झाल्या की पुरे, सहाही बाजूंचा हट्ट धरू नका. काढून ताटलीत ठेवा, झाकू नका.

अनोळखी भाज्या

नवी भाजी हातात आली की पाककृती शोधण्याआधी ती आपल्या कुठल्या भाजीच्या गोत्रातली आहे ते बघा. झुकिनी दोडका-दुधीच्या घरातली, म्हणजे पाणीदार. नवलकोल आणि ब्रोकोली कोबीच्या घरातल्या. बॉकचॉयही कोबी-मोहरीच्या नात्यातलीच, देठ कोबीसारखा कुरकुरीत आणि पान पालकासारखं मऊ, म्हणून एका भाजीत शिजायच्या दोन वेगळ्या वेळा सांभाळाव्या लागतात.

आपल्याला मोडायची आहे ती सवय एकच : झाकण. झाकणावर पाणी ठेवून वाफेवर भाजी शिजवणं गवारीला, घेवड्याला उत्तम. झुकिनीवर झाकण ठेवलंत की पाच मिनिटांत तिचा लगदा. मोठी आंच, उघडी कढई, मीठ अगदी शेवटी. ब्रोकोली आणि ब्रसेल्स स्प्राउट फार शिजवले की कोबीसारखाच गंधकाचा वास घरभर सुटतो. ॲस्पॅरॅगसच्या कोंबाचं बुडखं हातानं वाकवा, जून भाग जिथे संपतो तिथे साधारण मोडतं. नवलकोलची साल जाड काढा, खालचा धाग्यांचा थरही गेला पाहिजे. त्याची कोवळी पानं टाकू नका, हरभऱ्याची डाळ घालून भाजी होते.

बॉकचॉय धुताना गड्डीचं बूड कापून एकेक पान सुटं करा. देठाच्या खोबणीत माती असते आणि अख्खी गड्डी नळाखाली धरून ती निघत नाही. देठ तिरके कापा, पानं वेगळी ठेवा.

एकत्र

त्याच कढईत चमचाभर तेल, ठेचलेल्या लसणाच्या सहा पाकळ्या, आल्याचे बारीक काप, दोन उभ्या चिरलेल्या मिरच्या. देठ टाकून दोन मिनिटं, मग पानं टाकून अर्धं मिनिट. एक मोठा चमचा सोया सॉस, वर टोफू, दोनदा हलवून गॅस बंद. मीठ घालायच्या आधी चाखा, टोफूत आणि सॉसमध्ये ते आहेच.

शाकाहारी असाल तर बाटल्यांची लेबलं वाचा. ऑयस्टर सॉस कालवांचा असतो, थाई करी पेस्टमध्ये बऱ्याचदा सुकी कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो, किमची या कोरियन लोणच्यातही. बाटलीवर भाज्यांचं चित्र असलं तरी हिरवा ठिपका शोधायचाच.

इतकं सगळं करायची इच्छा नसेल त्या दिवशी भुर्जी करा. तिथे पाणी काढायची गरज नाही : टोफू हातानं कुस्करायचा, कांदा लाल झाल्यावर हळद-तिखटासह घालायचा आणि पाणी आटून कडा खरपूस होईपर्यंत परतायचा. टोमॅटो घालायचा तर त्यानंतर.

उरलेला कच्चा टोफू डब्यात पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला, तीन-चार दिवसांत संपवा. परतलेला उरला तर दुसऱ्या दिवशी मऊ पडतो. मायक्रोवेव्हच्या नादी न लागता सरळ आमटीत टाका.