कार्निव्हलसाठी स्टीमपंक पोशाख : पितळ जुनं कसं करायचं

कार्निव्हल महिन्यावर आला की दरवर्षी तोच सल्ला फिरू लागतो : काळी टोपी घ्या, सोनेरी स्प्रे मारा, प्लास्टिकची चार दातेरी चाकं ग्लू गनने चिकटवा, झालं स्टीमपंक, म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या जमान्याचा कल्पित पेहराव. असा सल्ला देणाऱ्याने तो पोशाख घालून पणजीच्या उन्हात मिरवणुकीबरोबर एकदा चालून बघावं. डिंक मऊ पडतो, रंग घामाबरोबर हाताला येतो आणि चाकं एकेक करून रस्त्यावर.

स्टीमपंक माणसाला ओढतं, कारण त्यात यंत्र आपलं पोट उघडं करून दाखवतं. हातातला फोन बंद पडला तर आत काय बिनसलं ते कळायला मार्ग नसतो; वाफेच्या इंजिनाचा दांडा कुठलं चाक ढकलतो ते लहान पोरालाही दिसतं. या शैलीचं नाव 1987 सालचं, ओढ मात्र एकोणिसाव्या शतकातल्या कारखान्यांची. म्हणून धातू खरा हवा, चामडं खरं हवं आणि फिरायला हवं ते फिरायला हवं. एवढं पटत नसेल तर भाड्याचा पोशाख आणलेला बरा.

आधी पात्र ठरवा

लंडनचा सरदार होण्याचं काही कारण नाही. गोव्याला स्वतःचं वाफेचं युग आहे. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुरगाव बंदरापासून मीटरगेज रेल्वे टाकली गेली आणि 1888 मध्ये ती कुळ्यावरून, दूधसागरला वळसा घालत, घाट चढून कॅसलरॉकला पोचली. घाटातला इंजिन ड्रायव्हर, कुळ्याचा तारमास्तर, बोगद्यांची मोजमापं घेणारी बाई : यांतलं कुणीही घ्या. पात्र ठरलं की अंगावर कुठली अवजारं शोभतील हे आपोआप ठरतं, आणि उगाच लटकवलेला पसारा निम्म्याने कमी होतो.

कपडे

सुती किंवा लिनन, आणि वर वेस्टकोट. कुणबी साडीच्या लाल चौकड्यांच्या कापडाचा वेस्टकोट शिवून घ्या. खाकी पँटवर तो इतका शोभतो की वेगळी सजावट लागत नाही. बायकांनी पानो-भाजूचा विचार जरूर करावा. मांडो या गोव्याच्या गाण्या-नाचाबरोबर आलेला हा जुना पेहराव आहे, आणि त्यावर चामड्याचा कंबरपट्टा चढवला की पात्र उभं राहतं. घट्ट आवळलेला कॉर्सेट आपल्या हवेत घालू नका. गर्दीत चक्कर आलेल्या माणसाला सावरणं सोपं नसतं.

सामान

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आणि घराजवळचा भंगारवाला, बस. जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर तो वरून मुलामा दिलेला लोखंडी तुकडा आहे आणि एका पावसाळ्यात तांबेरा धरेल. बंद घड्याळं घ्या, चालू घड्याळ मोडू नका. अंधारात चमकणाऱ्या आकड्यांची फार जुनी घड्याळं मात्र उघडू नका, आकडे खरवडू तर मुळीच नका. त्या रंगात रेडियम असू शकतं.

चाकं

एकमेकांत अडकणाऱ्या चाकांच्या दात्यांचं माप एकच हवं. आणि तीन चाकं त्रिकोणात एकमेकांना भिडवून लावू नका : शेजारशेजारची चाकं उलट दिशांना फिरतात, त्यामुळे तिसरं चाक दोघांनाही अडवतं आणि सगळं जाम होतं. ज्याला यंत्र कळतं त्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाते. ओळीत दोनच लावा, पण फिरती लावा.

पितळ जुनं करणं

इथे घाई करू नका. मनगटाच्या पट्ट्यावरची पट्टी असो की चष्म्याची कडी, बाजारातलं नवं पितळ पिवळंधमक असतं आणि तसंच लावलं तर पोशाख नाटकातला दिसतो. त्यावर वापराचा तपकिरी रंग यायला हवा. मी सगळ्यात जास्त झगडलो ते याच टप्प्यावर, त्यामुळे इथली मतं ठाम आहेत.

मीठ आणि व्हिनेगर वापरू नका. हा उपाय सगळीकडे सांगितला जातो आणि कोरड्या गावात तो चालतही असेल. त्याने पितळेवर निळसर-हिरवा थर येतो, पहिल्या दिवशी तो सुंदर दिसतो. पण मिठातलं क्लोराईड धातूच्या बारीक खाचांत बसून राहतं आणि आपली दमट, खारी हवा मिळाली की काम चालूच ठेवतं. हिरवी पूड सुटते, सदऱ्याच्या बाहीला लागते, आणि थराखाली धातू खड्डे पडून खराब होतो. उकडलेल्या अंड्याचा उपाय तांब्याला आणि चांदीला चांगला. पितळेवर त्याचा रंग फारच फिका येतो.

पितळेला अमोनियाची वाफ द्यावी. पण त्याआधीचा एक नियम पाळलाच पाहिजे : कापणं, भोकं पाडणं, वाकवणं सगळं आधी उरका. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात, आणि त्यांच्या पितळी नळकांड्यांना आपोआप चिरा पडत. खरं कारण 1921 मध्ये उलगडलं : घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा, आणि नळकांडं घडवताना धातूत राहून गेलेला ताण. तुमची मनगटाच्या आकाराला वाकवलेली पट्टी याच अवस्थेत असते. म्हणून वाकवून झाल्यावर तो ताण काढायला तिला ताव द्या, म्हणजे तापवा : अंधाऱ्या जागी गॅसच्या टॉर्चने, अगदी मंद लालसर छटा दिसेपर्यंत. लगेच आच काढा. फार तापवलं तर पितळेतलं जस्त धूर होऊन उडतं आणि तो धूर छातीत जाता कामा नये. त्यानंतर हातोडी नाही, पक्कड नाही.

ताव दिल्यावर आलेली काळपट खपली भिरंडाच्या (कोकमाच्या) सोलांनी नाहीतर चिंचेने घासून काढा, देवाची समई घासतो तशी. नव्या पत्र्यावर पारदर्शक लॅकर असतं. ते ताव देण्याआधीच थिनरने पुसून काढायचं. शेवटी पाण्याखाली धरून बघा. पाणी सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ आहे. थेंब थेंब होऊन तुटलं तर तेल किंवा लॅकर शिल्लक आहे, आणि तिथे रंगाचा डाग पडणार. या परीक्षेनंतर पत्र्याला बोट लावू नका, कडेला धरा.

घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाला टिश्यू पेपर, त्यावर दोन-तीन चमचे अमोनिया, आणि पत्रा दोऱ्याने वर टांगलेला, द्रवाला न टेकणारा. हे काम बाल्कांवात, म्हणजे उघड्या व्हरांड्यात, वाऱ्याकडे पाठ करून, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावूनच करायचं. जवळपास ब्लीचिंग पावडर नको. दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू होतो. पोरं आणि कुत्री लांब.

डबा तासातासाने पाहत राहा. आधी पिवळेपणा मंदावतो, मग मधासारखी छटा येते, मग तपकिरी. हवी त्याच्या एक पायरी आधी थांबा. रात्रभर ठेवून देण्याचा सल्ला मी कुणालाच देणार नाही; ताव दिलेल्या पत्र्यालाही नाही. काढल्यावर गोड्या पाण्याने भरपूर धुवा आणि लगेच हेअर ड्रायरने सुकवा. मग अगदी बारीक स्टीलवूलने फक्त कडा आणि उंचवटे हलके घासा, कारण खऱ्या वापरात हात तिथेच लागतो. खोलगट जागा गडद राहू द्या. सगळीकडे सारखा रंग आला की पत्रा रंगवलेला वाटतो.

वरून पुन्हा लॅकर मारू नका. आपल्याकडे ओल कडेने आत शिरते आणि लॅकरखाली डाग पडतात, मग ते परत सोलत बसा. पत्रा किंचित कोमट करून मधमाश्यांचं मेण चोळा आणि मऊ फडक्याने पुसा. मेण झिजतं, पण दोन मिनिटांत पुन्हा लावता येतं.

जोडणी

कोल्हापुरी चपलांना वापरतात तसं, बाभूळ-हिरड्याने कमावलेलं चामडं घ्या. पितळेला पितळेचेच स्क्रू आणि रिव्हेट लावा. खाऱ्या हवेत पितळेशेजारचं लोखंड आधी गंजतं. चामड्याला तेल अगदी बेताने, नाहीतर रिव्हेटभोवती हिरवं मेण जमतं.

मिरवणुकीहून आलात की आंघोळीआधी पोशाखाकडे बघा. पितळेवरचा घाम ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने टिपा, गरज असेल तिथे मेणाचा हात फिरवा. चामडं सावलीत उघडं टांगा. पॉलिथिनच्या पिशवीत भरून कपाटात टाकलंत तर जूनमध्ये त्यावर बुरशीच सापडेल. सुती पिशवी वापरा आणि पावसाळाभर अधूनमधून बाहेर काढून पुसत राहा.