आर्डुइनोची पिन चालत नाही? जळली म्हणण्याआधी हे तपासा

आर्डुइनो ऊनो या छोट्या, प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाला एलईडी जोडला, प्रोग्राम चढवला आणि एलईडी ढिम्म. अशा वेळी 'पिन जळली' असं मन लगेच ठरवून टाकतं. पण दोष बहुतेकदा प्रोग्रामच्या एका ओळीत, ब्रेडबोर्डच्या (वायरी खोचायच्या भोकांच्या पाटीच्या) एका भोकात किंवा जोडलेल्या वस्तूत असतो. म्हणून पिन, प्रोग्राम आणि जोडणी वेगवेगळी करून तपासायची. त्यासाठी एक साधा डिजिटल मल्टीमीटर, लाल एलईडी, २२० ओहमचा रेझिस्टर आणि दोन-चार जंपर वायरी पुरतात.

१. बोर्ड मोकळा करा

यूएसबी काढा आणि बोर्डाला जोडलेली प्रत्येक वायर काढा. मग यूएसबी परत जोडून आयडीईतल्या (संगणकावर प्रोग्राम लिहून बोर्डावर चढवायच्या सॉफ्टवेअरमधल्या) एक्झाम्पल्स, बेसिक्समधला 'ब्लिंक' चढवा. अपलोड पूर्ण झाल्याचा संदेश स्वतः वाचा, कारण पोर्ट किंवा बोर्ड चुकीचा निवडला असेल तर जुनाच प्रोग्राम चालू राहतो. बोर्डावरचा 'एल' दिवा उघडझाप करू लागला म्हणजे चिप, केबल आणि अपलोड ठीक आहेत. हा दिवा १३ नंबरच्या पिनशी जोडलेला असतो, मात्र यावरून त्या पिनला प्रमाणपत्र देऊ नका. ऊनोच्या तिसऱ्या आवृत्तीत तो दिवा ऑप-अँप या वेगळ्या छोट्या चिपमधून पेटतो, त्यामुळे त्या पिनवर भार जवळजवळ पडतच नाही.

२. व्होल्टेज मोजा

ब्लिंकमध्ये पिनच्या जागी संशयित नंबर घाला, समजा ८. ही दुरुस्ती पिनमोड (पिन इनपुट की आउटपुट हे ठरवणारी ओळ) आणि डिजिटलराइट (पिन चालू-बंद करणाऱ्या ओळी), दोन्हीकडे करा. डिले १००० वरून ५००० करा, म्हणजे मीटरचा आकडा स्थिरावायला वेळ मिळेल. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून काळा प्रोब ग्राउंडला आणि लाल पिनला लावा. प्रोब थेट बोर्डावर टेकवू नका. तो घसरून शेजारच्या पिनला भिडला तर चांगली पिनही जाईल. पिनमध्ये जंपर वायर खोचून तिच्या दुसऱ्या टोकाला प्रोब लावणं सुरक्षित.

पाच सेकंद ५ व्होल्टच्या आसपास, पाच सेकंद शून्य, असं दिसायला हवं. यूएसबीवर ४.८ दिसलं तरी काळजी नको.

३. भार देऊन पुन्हा मोजा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरा उलगडा इथेच होतो. पिनपासून २२० ओहमचा रेझिस्टर, पुढे एलईडीचा लांब पाय, आखूड पाय ग्राउंडला. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरवर, म्हणजे प्रवाह सुमारे १४ मिलिअँपिअर. एवढ्या भारावर पिनचं व्होल्टेज ४.२ च्या वर राहिलं पाहिजे. चिपची डेटाशीट २० मिलिअँपिअरलाही तेवढी हमी देते.

तुमच्या मूळ प्रोग्रामवर हीच चाचणी घ्या. मोकळ्या पिनवर मीटर ५ व्होल्ट दाखवतो, पण एलईडी जोडला की तो नुसता मिणमिणतो किंवा पेटतच नाही? मग सेटअपमधली पिनमोडची ओळ बघा. ती विसरली की पिन इनपुट म्हणूनच राहते, आणि डिजिटलराइटने 'हाय' दिल्यावर फक्त आतला २० ते ५० किलोओहमचा पुल-अप, म्हणजे पिनला ५ व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर, जोडला जातो. मीटरला व्होल्टेज दाखवायला तेवढं पुरतं, एलईडी पेटवायला नाही. चांगली पिन याच लक्षणावरून मोडीत काढली जाते, म्हणून इथे घाई नको.

४. पिनच्या स्वभावाकडे बघा

० आणि १ सिरीयल संवादासाठी आहेत; त्या शक्यतो मोकळ्या ठेवा. अॅनालॉगराइटने (० ते २५५ अशी किंमत देणाऱ्या ओळीने) प्रकाश कमी-जास्त करायचा तर ३, ५, ६, ९, १० आणि ११ याच पिना चालतात. इतर पिनांवर १२८ पासून वरची किंमत पूर्ण चालू होते आणि त्याखालची पूर्ण बंद. प्रोग्राममध्ये सर्व्हो लायब्ररी (सर्व्हो मोटर चालवणारा तयार कोड) असेल तर ९ आणि १० वरची ही सोयही जाते. नॅनो हा लहान आर्डुइनो बोर्ड वापरत असाल तर त्याच्या ए६ आणि ए७ या पिना आउटपुट होऊच शकत नाहीत.

५. आता जोडणी

मोठ्या ब्रेडबोर्डवर कडेच्या पॉवरच्या पट्ट्या अनेकदा मधोमध तुटलेल्या असतात. तिथे वायरचा तुकडा टाका. रिले मॉड्यूल (पिनच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) उलटं वागत असेल तर पिनला दोष देऊ नका, बाजारातली बरीच मॉड्यूल्स 'लो' दिल्यावर चालू होतात. मोटर वेगळ्या बॅटरीवर असेल तर बॅटरी आणि आर्डुइनो दोन्हींचं ग्राउंड एकमेकांना जोडलेलं हवं.

आणि मोटर थेट पिनला कधीही जोडू नका. एका पिनकडून २० मिलिअँपिअरच घ्यायचे. ४० ही कमाल सहनमर्यादा आहे, कामाची पातळी नव्हे. खेळण्यातली मोटरही याहून कितीतरी जास्त ओढते. मध्ये ट्रान्झिस्टर घाला आणि मोटरला समांतर १एन४००७ डायोड लावा, त्याची पांढरी पट्टी धन बाजूला. किंवा सरळ मोटर ड्रायव्हर वापरा.

खरंच जळली असेल तर

मोकळ्या बोर्डवर, पिनमोड बरोबर असूनही पिन कायम ५ किंवा कायम शून्यावर अडकली असेल, किंवा एलईडीच्या भाराने व्होल्टेज कोसळत असेल, तर पिन गेली. चिप हाताला चटका देत असेल तर यूएसबी लगेच काढा. नुसती एक पिन गेली असेल तर तिच्यावर मार्करने खूण करा आणि ए० ते ए५ पैकी एखादी वापरा. ऊनोवर त्या १४ ते १९ या नंबरांनी डिजिटल आउटपुट म्हणून चालतात. बऱ्याच पिना गेल्या असतील आणि चिप सॉकेटमध्ये बसवलेली लांबट असेल, तर बोर्ड टाकू नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एटीमेगा३२८पी ही ऊनोची मुख्य चिप मागताना बूटलोडर (यूएसबीवरून प्रोग्राम चढवू देणारा छोटा प्रोग्राम) घातलेलीच द्या म्हणून सांगा, आणि बसवताना चिपची खाच सॉकेटच्या खाचेकडेच ठेवा.